गायकाच्या आवाजावर इफेक्ट लावताना: नव्याने मिक्सिंग शिकणाऱ्यांसाठी

आषाढी एकादशीपासून नवरात्रापर्यंत आमच्या धंद्याचा सीझन. अभंग, गणपतीची गाणी, देवीची गाणी, मध्येच एखाद्या मंडळाचं ढोल-ताशावालं गाणं, आणि प्रत्येकाला मिक्स कालच हवं असतं. पुण्यात माझा छोटासा स्टुडिओ आहे. बहुतेक काम मराठी गाण्यांचं: भावगीतं, अभंग, लावण्या, थोडं नाट्यसंगीत आणि हल्ली करावकेवर गायलेली कव्हरं. सीझनला हाताशी माणूस लागतोच, त्यामुळे शिकाऊ मुलंमुली येत राहतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, व्होकलला कुठलं प्लगइन लावता?"

प्लगइन म्हणजे इफेक्ट देणारं छोटं सॉफ्टवेअर. नाव सांगायला हरकत काहीच नाही, मी सांगतेही. पण त्याने कुणाचं मिक्स सुधारलेलं मी पाहिलेलं नाही. कुठला इफेक्ट काय देतो हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. तो बदल्यात आवाजातून काय काढून घेतो, ते कुणी फारसं सांगत नाही. कम्प्रेसर (जोराचा आवाज दाबून पातळी सारखी करणारा) चढउतार घेतो, ट्यूनिंग (सूर दुरुस्त करणं) मींड घेतं, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं; डी-एसर ('स'ची सळसळ कमी करणारा) उच्चार घेतो, रिव्हर्ब (खोलीसारखा गुंजारव देणारा) शब्द घेतो. मराठी गाण्यात शब्द गेला की गाणंच गेलं, कारण ऐकणाराला आधी ओळ कळायला हवी असते, मग बाकीचं. म्हणून मी शिकवताना प्रत्येक इफेक्टची उलटी बाजू आधी ऐकायला लावते.

त्यासाठी एक सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या. इफेक्ट चालू-बंद करून बघताना दोन्ही वेळी आवाजाची पातळी सारखी ठेवायची. मोठं वाजतं ते कानाला छान वाटतं, हा माणसाच्या कानाचा गुण आहे. आणि बरेचसे प्लगइन चालू केल्या केल्या पातळी डीबी-दोन डीबीने (डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वाढवतात. तुम्हाला वाटतं कम्प्रेसरने जादू केली, प्रत्यक्षात नुसता व्हॉल्यूम वाढलेला असतो. आउटपुट नॉब खाली घेऊन पुन्हा तुलना करा. निम्म्या वेळा तुम्ही तो प्लगइन काढूनच टाकाल.

माइकपाशी

सगळ्यात मोठा इफेक्ट अंतराचा, आणि तो फुकट आहे. लताबाईंनी मुलाखतींतून सांगितलेली 'महल'ची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. १९४९ चा चित्रपट; गाण्याच्या सुरुवातीला आवाज लांबून जवळ येतोय असं वाटायला हवं होतं, तर माइक खोलीच्या मध्यावर ठेवला आणि त्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या. आज हेच काम आपण रिव्हर्बच्या ऑटोमेशनने (गाणं चालू असताना नॉब आपोआप हलवून) करतो, आणि तितकं खरं वाटत नाही. कारण लांबून गाताना फक्त खोलीचा गुंजारव वाढत नाही. आवाजातला खर्ज कमी होतो, श्वास ऐकू येईनासा होतो, व्यंजनांची धार बोथट होते.

घरच्या रेकॉर्डिंगला याचा उपयोग असा. कार्डिऑइड माइकच्या, म्हणजे समोरचा आवाज जास्त घेणाऱ्या माइकच्या, जितकं जवळ जाल तितका आवाजाचा खालचा, खर्जाकडचा भाग फुगतो. पातळ आवाजाच्या गायिकेला वीतभर अंतरावर उभं केलं की आवाजाला अंग येतं. भरदार आवाजाच्या बुवांना हातभर मागे घ्यावं लागतं, नाहीतर नंतर २०० हर्ट्झच्या आसपासचा चिखल उपसत बसा. पॉप फिल्टर, म्हणजे तोंडाची हवा अडवणारी जाळी, लावाच. मराठीत प, फ, भ यांची हवा जोरात येते, आणि भक्तिगीतात तर 'भ' दर दोन ओळींनी. माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला वळवला तरी हवा चुकते.

खोलीचं म्हणाल तर गायकाच्या पाठीमागे जाड गोधड्या टांगा. माइकच्या मागे फोम लावून लोक थांबतात, पण कार्डिऑइड माइक गायकाच्या दिशेने तोंड करून असतो, त्यामुळे गायकाच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज तो सरळ घेतो. पंखा बंद, फ्रिजच्या खोलीपासून लांब, कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळून. रेकॉर्डिंग २४ बिटवर आणि सगळ्यात जोरकस ओळीला मीटर -१० ते -१२ डीबीच्या वर जाणार नाही असं. हेडफोनमधला तानपुरा किंवा क्लिक (लयीची टिकटिक) माइकमध्ये झिरपत असेल तर तो आत्ताच कमी करून घ्या. पुढे कम्प्रेसर लागला की तो झिरपा दुप्पट होऊन वर येतो.

ट्यूनिंग: कुठे हात लावायचा नाही

टेक (गाऊन घेतलेले तुकडे) निवडून, जोडून झाले की मी पहिल्यांदा ट्यूनिंग करते. म्हणजे इफेक्टच्या साखळीत सगळ्यात आधी. कम्प्रेसर आणि रिव्हर्बच्या नंतर सॉफ्टवेअरला स्वर नीट ओळखता येत नाही.

ऑटो-ट्यून हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर १९९७ मध्ये आलं. ते बनवणारे अँडी हिल्डब्रँड आधी तेलसाठे शोधण्यासाठी जमिनीतल्या कंपनांचं गणित करत होते. तेच गणित त्यांनी स्वर ओळखायला लावलं. पुढच्याच वर्षी शेर या अमेरिकन गायिकेच्या गाण्यातून तो रोबोटसारखा आवाज जगभर पोचला. हे सांगायचं कारण एवढंच, की हे साधन ज्या संगीतासाठी घडलं त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर पायरीने जातात. आपल्याकडे दोन स्वरांच्या मधला रस्ता हेच पुष्कळदा गाणं असतं.

गायिका म्हणते "माझी काळी चार". म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये त्याच पट्टीचं पाश्चात्त्य नाव जी शार्प निवडता, मेजर स्केल (सगळे शुद्ध स्वर) निवडता, दुरुस्तीचा वेग पटकनचा ठेवता. आता ती पंचमावरून गंधारावर मींडेने उतरते. सॉफ्टवेअरला वाटेत मध्यम भेटतो, ते तिथे क्षणभर अडकतं, मग गंधारावर उडी. ऐकताना नेमकं काय झालं ते कळत नाही, पण ओळ कोरडी वाटते. कणस्वराचंही तेच: गायिकेने वरच्या स्वराचा नुसता स्पर्श केलेला असतो, सॉफ्टवेअर एकतर तो गिळून टाकतं नाहीतर त्याला पूर्ण स्वर बनवतं.

त्यात आणखी एक भानगड. तानपुऱ्यावर तयार झालेली गायिका शुद्ध गंधार त्याच्या नैसर्गिक जागी, म्हणजे षड्जाशी पाचास चार या प्रमाणात लावते. पेटी-कीबोर्डच्या समान अंतराच्या सप्तकातला गंधार त्यापेक्षा सुमारे १४ सेंट वर असतो. एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंत १०० सेंट धरले, तर हा फरक लहान नाही. स्क्रीनवर तो गंधार लाल दिसतो, शिकाऊ मुलगा तो उचलून रेषेवर ठेवतो, आणि गायिका म्हणते "हे मी गायलेलं नाही". ती बरोबर असते. अर्थात मागे कीबोर्डचे कॉर्ड भरपूर असतील तर उलटंही होतं. तिथे नैसर्गिक गंधार कॉर्डशी भांडतो आणि थोडं वर घ्यावं लागतं. डोळ्याने ठरवू नका, मागचा ट्रॅक चालू ठेवून ऐका.

माझी पद्धत अशी: आपोआप चालणारं ट्यूनिंग पूर्ण गाण्याला लावायचं नाही. मेलोडाइनसारख्या साधनात एकेक स्वर हाताने बघायचा. जिथे गायिका थांबते, म्हणजे ओळीचा शेवटचा स्वर, न्यासाचा स्वर, लांबवलेला षड्ज किंवा पंचम, तेवढेच दुरुस्त करायचे. मींडेचे सॉफ्टवेअरने पाडलेले तुकडे आधी जोडून एक करायचे आणि हलवायची वेळ आलीच तर अख्खी मींड हलवायची. लांब स्वर हळूहळू खाली घसरत असेल तर फक्त ती घसरण कमी करायची, त्याच्यावरचं कंपन तसंच ठेवायचं. आंदोलित, म्हणजे संथ झुलवलेल्या, कोमल गंधाराला तर हात लावूच नका. दरबारी रागासारखं काही असेल आणि तुम्ही तो गंधार सरळ केलात तर तुमचं नाव गायकांमध्ये फार लवकर पसरतं.

आणि टेक मुळातच बेसूर असेल तर गायकाला पुन्हा बोलवा. पंधरा मिनिटांचं काम असतं. दुरुस्तीला तीन तास जातात आणि तरी ते दुरुस्त केलेलं ऐकू येतं.

ईक्यू

ईक्यू म्हणजे आवाजातला खालचा, मधला, वरचा भाग कमी-जास्त करणारं साधन. त्याबद्दल तक्ते पाठ करण्यापेक्षा गायकाची पट्टी हर्ट्झमध्ये माहीत असू द्या. काळी चारच्या गायिकेचा मध्य षड्ज साधारण २०८ हर्ट्झवर येतो. आता "२०० ते ३०० मध्ये चिखल असतो, कापा" असं कुठेतरी ऐकून तुम्ही २१० वर अरुंद खड्डा खणलात, तर चिखल राहतो बाजूला, बाईंचा सा बारीक होतो. गाणं चालू असताना अधूनमधून आवाज पोकळ वाटतो, आणि नेमका समेवर, कारण ओळ सा वर येऊन टेकते. म्हणून या भागात रुंद आणि उथळ कट: दोन-तीन डीबी, त्याहून जास्त नाही.

लो कटचंही (ठरावीक हर्ट्झच्या खालचं सगळं कापण्याचं) तसंच. काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांचा सा १३९ हर्ट्झच्या आसपास, त्यांचा मंद्र पंचम १०४ वर. लो कट १२० वर लावून ठेवला तर मंद्र सप्तकातल्या ओळीला आवाज हवेत तरंगायला लागतो. पुरुषाच्या आवाजाला ७०-८०, बाईंच्या आवाजाला १०० च्या आसपास, आणि त्या गाण्यातला सगळ्यात खालचा स्वर ऐकून मग पक्कं करायचं.

वरच्या भागात ८०० ते १००० हर्ट्झला नाकातला सूर सापडतो, २ ते ५ किलोहर्ट्झला शब्दांची स्पष्टता, आणि १० किलोहर्ट्झच्या वर श्वास आणि चमक. ग्राहक "आवाज पुढे आणा" म्हणतो तेव्हा हात फेडरकडे (पातळीच्या सरकपट्टीकडे) न नेता आधी ३ किलोहर्ट्झच्या आसपास एक-दीड डीबी वाढवून बघा, किंवा त्याच जागी मागची वाद्यं कमी करा. चमक जपून. स्वस्त कंडेन्सर माइकांचा वरचा भाग आधीच उचललेला असतो, त्यावर आणखी शेल्फ (एका जागेपासून वरचं सगळं उचलणारा ईक्यू) चढवलात की हेडफोनवर अर्ध्या तासात कान दुखतात.

कम्प्रेसर, आणि 'विठ्ठल'मधला ठ

कम्प्रेसरच्या आधी एक कंटाळवाणं काम आहे: ओळ न् ओळ ऐकून क्लिप गेनने (रेकॉर्डिंगच्या त्या तुकड्यापुरता आवाज कमी-जास्त करून) पातळी हाताने सारखी करणं. शेवटची अक्षरं बरेचदा पडतात, ती उचलायची. एखादी तार सप्तकातली हाक फार जोरात येते, ती खाली घ्यायची. नवे लोक हे टाळतात आणि कम्प्रेसरकडून करून घ्यायला जातात. मग त्याला दहा-बारा डीबी दाबावं लागतं आणि आवाजाचा श्वास कोंडतो. हाताने केलेल्या कामानंतर कम्प्रेसरला तीन-चार डीबीचंच काम उरतं.

कम्प्रेसरची जुनी आणि अजूनही चालणारी जोडी म्हणजे आधी ११७६ आणि मग एलए-२ए. दोन्ही १९६० च्या दशकातली अमेरिकन यंत्रं, आज त्यांच्या प्लगइन प्रती सगळीकडे मिळतात. ११७६ फार झटपट, तो टोकं पकडतो. एलए-२ए आत दिव्याच्या उजेडावर चालतो, सावकाश धरतो आणि त्याहून सावकाश सोडतो. प्रत्येकाने दोन-तीन डीबी घेतले की आवाज एका जागी बसतो आणि दाबल्यासारखा वाटत नाही. ११७६ वर एक खोडी आहे: अटॅकचा नॉब (किती लवकर दाबायला लागायचं ते ठरवणारा) उजवीकडे फिरवला की वेगवान होतो. बाकीच्या बहुतेक कम्प्रेसरवर आकडा वाढला की सावकाश, इथे उलट. अटॅक फार वेगवान ठेवलात तर शब्दांची सुरुवातच दबते, आणि लावणीत तर शब्दाच्या सुरुवातीवरच सगळा ठसका असतो.

आता रिलीज, म्हणजे दाबलेला आवाज किती लवकर सोडायचा ते. हा नॉब समजायला 'विठ्ठल' हा शब्द घ्या, अभंगवाल्यांच्या कृपेने सरावाला भरपूर मिळतो. 'वि' म्हटल्यावर जीभ वर टेकते आणि 'ठ्ठ' फुटायच्या आधी क्षणभर पूर्ण शांतता असते. त्या शांततेतूनच शब्दाचा ठेका बनतो. रिलीज फार झटपट असेल तर 'वि'वर दबलेला कम्प्रेसर त्या फटीत एकदम सुटतो आणि तिथली खोली, हेडफोनमधून झिरपलेली टाळ-पखवाजाची किणकिण, सगळं वर ओढतो. 'वि' आणि 'ठ्ठल' यांच्यामध्ये एक 'हस्स' ऐकू येतो. कोरसमध्ये आठ जण गात असतील तर आठ ट्रॅकचा हस्स. उलट रिलीज फार सावकाश ठेवला तर 'ठ्ठल' दबलेलाच राहतो, नुसतं 'वि… ल' उरतं. गाण्याच्या लयीत हळूहळू रिलीज वाढवत न्या. शब्दातली फट रिकामी आणि 'ठ'चा फटका शाबूत, अशी जागा सापडते. ती सापडली की बाकीच्या गाण्यालाही सहसा चालते.

भावगीताला हे दोन-तीन डीबी पुरे. लावणी ढोलकीशी टक्कर घेते, तिथे जास्त दाबलं तरी चालतं, वर थोडं सॅच्युरेशनही (आवाजाला दिलेली किंचित खरखर) शोभतं. नाट्यसंगीताला मी शक्यतो कम्प्रेसर लावतच नाही, फेडर हाताने चालवते. त्या गायकीत आवाज लहान-मोठा करणं ही गायकाची कमाई असते.

डी-एसर थोडक्यात. 'स'ची सळसळ ६ ते ९ किलोहर्ट्झमध्ये असते, 'श'ची त्याच्या बरीच खाली, ३ ते ५ च्या आसपास. एकच डी-एसर ७ वर ठेवून दोन्ही आवरत नाहीत. आणि परदेशी प्रीसेटना आपला 'चांदणं'मधला दंत्य 'च' ठाऊक नसतो. त्यात 'त' आणि 'स' दोन्ही आहेत. डी-एसर 'स' कापतो आणि 'तांदणं' उरतं. 'चंद्र'मधल्या 'च'ला तो त्रास होत नाही. म्हणून जिथे खुपतं तिथे क्लिप गेनने ते एक अक्षर दोन-चार डीबी खाली घेणं सगळ्यात सुरक्षित.

रिव्हर्ब आणि डिले

"इको टाका ना जरा." सगळे हेच मागतात, कारण मंडपातल्या मिक्सरवरचा तो नॉब सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यांना बहुतेक वेळा रिव्हर्ब हवा असतो, कधी डिले (शब्द थोड्या वेळाने पुन्हा ऐकू येणं), आणि कधी फक्त आपला आवाज एकटा, उघडा वाटू नये एवढंच. विचारून घ्या, "अमुक गाण्यासारखा हवा का?" म्हणून. एक गाणं ऐकवलं की दहा मिनिटांची चर्चा वाचते.

मराठी भावगीताला मला प्लेट रिव्हर्ब सगळ्यात जास्त मानवतो. मूळ प्लेट म्हणजे खरोखरच पोलादाचा पत्रा, दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, चौकटीत ताणून टांगलेला. जर्मनीच्या ईएमटी कंपनीने १९५७ मध्ये काढलेलं ईएमटी १४० हे त्यातलं प्रसिद्ध. त्यातून खोलीचे वेगवेगळे प्रतिध्वनी ऐकू येत नाहीत, आवाजाभोवती एक दाट, सलग झिलई येते. कॅथीड्रल, हॉल वगैरे नावांच्या प्रीसेटनी मन भुलतं, पण तबला आणि बासरीच्या साध्या साथीत तो हॉल एकटाच उभा दिसतो.

आकडे हवेत म्हणून: लांबी सव्वा ते पावणेदोन सेकंद, प्री-डिले ४० ते ६० मिलिसेकंद, रिव्हर्बच्या चॅनलवर ५०० हर्ट्झच्या खालचं आणि ८-१० किलोहर्ट्झच्या वरचं कापलेलं. लावणीला एक सेकंदाच्या आत. प्री-डिले महत्त्वाचा यासाठी की आधी कोरडा शब्द कानावर पडतो आणि मग त्याची शेपटी सुरू होते. शून्य ठेवलात तर व्यंजन आणि शेपटी एकदमच येतात. रिव्हर्ब ट्रॅकवर न लावता सेंडवर, म्हणजे आवाज वेगळ्या चॅनलवर पाठवून तिथे लावा, म्हणजे वेगळं कापता, दाबता, हलवता येतं.

हलवावं लागतंच. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत मात्रेला चार स्वर अशी तान गायली तर एकेक स्वर १९० मिलिसेकंदांहूनही छोटा असतो. दोन सेकंदांचा रिव्हर्ब चालू असेल तर नव्या स्वराखाली मागच्या आठ-दहा स्वरांच्या शेपट्या वाजत असतात, आणि दाणेदार तान लापशी होते. तानेपुरता सेंड चार-पाच डीबी खाली ओढा, तान समेवर आली की परत वर. आलापाला उलट, तिथे सढळ हाताने द्या. ऐकणाऱ्याला हे ऑटोमेशन कळत नाही, त्याला फक्त बाई फार स्वच्छ तान घेतात असं वाटतं. ते श्रेय त्यांनाच जाऊ द्या.

डिलेचं गणित सोपं: ६०,००० भागिले लय. ८० च्या लयीत मात्रा ७५० मिलिसेकंदांची, अर्धी मात्रा ३७५. पण तबला जर क्लिकशिवाय, माणसाच्या हाताने वाजलेला असेल तर अंतऱ्यात लय चढते आणि मुखड्यात जमवलेला डिले तिथे पाय अडकवतो. अशा वेळी अंतऱ्यासाठी वेगळी वेळ मोजून ठेवा. आणि डिले पूर्ण ओळीवर चालू ठेवू नका. शब्द शब्दावर पडतात. ओळीच्या शेवटच्या स्वरावर, जिथे पुढे दोन-चार मात्रा रिकाम्या आहेत, तिथेच सोडा. आ-ई-ऊ अशा लांब स्वरांवर तो छान विरतो. 'त' किंवा 'क'वर संपणाऱ्या ओळीवर मात्र टकटक करतो.

डबलिंगबद्दल एवढंच, की कोरसला, पॉपच्या अंगाने जाणाऱ्या गाण्याला चालतं. एकट्या गायिकेच्या मींडेवर दुसरी प्रत चढवली की मींडेची रेघ जाड होते. मी टाळते.

करावकेचं काम

खरं सांगायचं तर सुरुवातीला तुमच्याकडे येणारं काम हेच असेल. निवृत्त काका, सुगम संगीताच्या क्लासच्या विद्यार्थिनी, न्यू जर्सी नाहीतर लंडनहून महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमासाठी घरी कपाटात उभं राहून गायलेले आवाज. नाकं मुरडू नका. महिन्याला वीस वेगवेगळे गळे ऐकायला मिळतात, असा सराव कुठल्याही कोर्समध्ये नाही.

इथली अडचण वेगळी असते. करावके ट्रॅक एमपी३ असतो, आधीच मास्टर करून (शेवटचा हात फिरवून, जोरात करून) चेपलेला. त्याच्यावर आवाज चढवायला गेलात की मास्टरचा मीटर लाल होतो. पहिलं काम, ट्रॅक सहा-आठ डीबी खाली ओढा आणि नव्याने सुरुवात करा. मग २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये ट्रॅकला दीड-दोन डीबीचा रुंद खड्डा द्या, जमलं तर डायनॅमिक ईक्यूने, म्हणजे आवाज येईल तेव्हाच तो खड्डा पडेल. त्या ट्रॅकमध्ये मूळचा रिव्हर्ब भाजलेला असतो. ध्रुवपदाआधीच्या बासरीची शेपटी ऐका आणि आवाजाचा रिव्हर्ब तेवढ्याच लांबीचा ठेवा, नाहीतर काका वेगळ्या खोलीत आणि वाद्यवृंद वेगळ्या खोलीत. व्हॉट्सॅपवर साध्या ऑडिओ म्हणून आलेल्या आवाजाच्या फाइल घेऊ नका. डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून वेव्ह (न चेपलेली मूळ दर्जाची फाइल) मागवा.

साधनं, शिक्षण, पैसे

पैसे खर्च करायचे तर आधी खोलीवर आणि हेडफोनवर. रीपर हे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर स्वस्त आहे आणि त्याच्यासोबत येणारे ईक्यू-कम्प्रेसर व्यवस्थित काम करतात. टीडीआर नोव्हा हा डायनॅमिक ईक्यू फुकट आहे, डी-एसरचं कामही करतो. एवढ्यावर व्यावसायिक दर्जाचं मिक्स होतं. मिक्स हळू आवाजात करा. मोठ्या आवाजात कानाला खालचं-वरचं सगळंच भरलेलं ऐकू येतं, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय. शेवटी फोनच्या स्पीकरवर ऐका, कारण ग्राहक तिथेच ऐकणार आहे, बहुधा रिक्षात.

रीतसर शिकायचं तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंरचनेचा पदवीनंतरचा अभ्यासक्रम आहे. कल चित्रपटाकडे, पण पाया पक्का होतो. खासगी कोर्सला जाणार असाल तर फी भरण्याआधी एकच विचारा: कंसोलवर आणि माइकसमोर प्रत्येक विद्यार्थ्याला किती तास मिळतात? ते उत्तर गुळमुळीत आलं की परत या. तिसरा रस्ता चालू स्टुडिओत मदतनीस म्हणून लागण्याचा. पहिले काही महिने केबल गुंडाळणं, टेक जोडणं आणि रात्री ट्यूनिंग. ट्यूनिंग कंटाळवाणं म्हणून सगळे टाळतात, पण ज्याला मींड न मोडता ट्यूनिंग येतं त्याला काम कमी पडत नाही. त्यासाठी थोडं गाणं शिका. गळा नसला तरी चालेल, पण सा कुठे आहे आणि ओळ कुठल्या स्वरावर टेकली हे कळायला हवं.

व्यवहारात दोन गोष्टी. दुरुस्त्या किती वेळा करून देणार हे आधीच लेखी ठरवा. 'थोडं अजून गोड करा' याला अंत नसतो. आणि निम्मे पैसे आगाऊ, उरलेले अंतिम वेव्ह पाठवण्याआधी. तोवर एमपी३ ऐकवा. ओळखीतल्या माणसालाही हाच नियम, ओळखीतल्यांना तर जास्तच.

फाइल देताना पूर्ण मिक्स, आवाजाशिवायचं मिक्स आणि इफेक्टसकट फक्त आवाज, असे तीन वेगळे वेव्ह द्या; तिन्ही एकाच जागी सुरू होणारे. यूट्यूब आणि स्पॉटिफाय मोठ्या आवाजाच्या फाइली साधारण -१४ एलयूएफएसच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो याचं माप) आसपास खाली आणतात, त्यामुळे मास्टर उगाच ठेचू नका. ट्यूनिंग न केलेला मूळ आवाज सेशनमध्ये बंद करून ठेवा, पुसू नका. वर्षभराने गणपती आले की तीच गायिका फोन करून तेच गाणं नव्या संगीतावर, अर्ध्या पट्टीने खाली मागते, आणि तेव्हा काम त्या मूळ ट्रॅकपासूनच सुरू करावं लागतं.